घरच्या कॉकपिटचा पहिला काटा: सिम्युलेटरसाठी एअरस्पीड मीटर स्वतः बनवताना

नाशिकच्या अंबडला मी जिथं काम करतो तिथं दिवसभर प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजणारी काट्याची यंत्रं, तपासायला येतात. कुणाचा काटा अडकलेला, कुणाचा शून्यावर बसत नाही, कुणाची काच तेलानं माखलेली. आम्ही तो टेस्टरवर चढवतो, मास्टर गेजशी ताडतो आणि एक तक्ता भरतो: खरा दाब एवढा, काटा दाखवतो एवढा. त्यामुळं घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवायचा प्रोग्राम, थोडक्यात सिम) खराखुरा फिरणारा काटा बनवायला घेतला तेव्हा वाटलं, हे तर आपलं रोजचंच. आणि नेमकं तक्त्यातच चुकलो. चारेक महिने माझं घरचं सेसना (सिममधलं छोटं विमान) ६० नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असताना काटा मजेत ७२ दाखवत होता, आणि मी धावपट्टीच्या अलीकडेच का आपटतोय ते मला कळत नव्हतं.

तेव्हा हा लेख नवख्यांसाठी, तक्त्याला मध्ये ठेवून. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण लागत नाही. डाग देता आला, म्हणजे सोल्डरिंग जमलं, आणि मल्टिमीटरवर ओहम वाचता आले की भागतं.

पहिला कुठला काटा बनवायचा?

लहान विमानाच्या पॅनेलवर मुख्य सहा गोल यंत्रं असतात. वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खालच्या ओळीत वळण दाखवणारं, दिशा दाखवणारं आणि चढ-उताराचा वेग दाखवणारं. नवखा माणूस सहाही एकदम काढायला जातो आणि दिवाळीपर्यंत टेबलावर नुसत्या तारांचा गुंता उरतो. एकच घ्या, आणि तो पूर्ण करा: काच, तबकडी, उजेड, सगळ्यासकट.

तो एक म्हणजे एअरस्पीड, हवेतला वेग दाखवणारा. कारण साधं आहे. त्याला एकच काटा असतो, तो पूर्ण गोल फिरत नाही, आणि तो चुकला तर उडवताना लगेच समजतं. उंचीमापकाला दोन-तीन काटे असतात आणि ते गोल गोल फिरत राहतात. कृत्रिम क्षितिज तर दोन दिशांनी हलतं. ती डोकेदुखी नंतरची.

विमान सेसना १७२ एस धरू. प्रत्येक सिममध्ये ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच, आणि त्याच्या वेगमर्यादा जाहीर आहेत. पांढरा पट्टा ४० ते ८५ नॉट (फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण उघडून उडवायची मर्यादा), हिरवा (नेहमीचा वेग) ४८ ते १२९, पिवळा १२९ ते १६३ आणि १६३ वर लाल रेघ.

सामान

मोटर: एक्स२७.१६८ नावाची छोटी स्टेपर मोटर (सलग नाही, पायरी-पायरीनं फिरणारी). मोटारीच्या डॅशबोर्डमधले काटे अशाच मोटरवर फिरतात. आगपेटीहून लहान, ५ व्होल्टवर चालते, आणि तिच्या पोटात एक अडसर असतो. त्यामुळं ती ३१५ अंशच फिरते. हा अडसर आपल्या कामाचा आहे, का ते पुढे येईल.

बोर्ड: आर्डुइनो नॅनो किंवा मेगा (प्रोग्राम चढवता येतो असे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड). मोबिफ्लाइट (सिममधले आकडे बोर्डापर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) वापरायचा बेत असेल आणि पुढे आणखी काटे जोडायचे असतील तर थेट मेगा घ्या, पिन भरपूर मिळतात. स्वस्तातल्या नॅनोवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर आधी टाकून ठेवा. प्रोग्राम चढत नसेल तर आर्डुइनोच्या मेनूत जाऊन प्रोसेसरखाली 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा. नव्या माणसाची पहिली संध्याकाळ बहुतेक याच एका टिचकीपायी वाया जाते.

बाकी जंपर तारा, थोडं अॅक्रिलिक, एमडीएफचा तुकडा, पांढऱ्या एलईडीची पट्टी. बोर्ड, तारा आणि पट्टी एम. जी. रोडच्या बाजूला मिळून जातात. ही मोटर मात्र मला दुकानात कधी मिळाली नाही, ऑनलाइनच मागवली. मागवताना दोन जास्त घ्या, एक मोटर शिकताना जाणार आहे.

दुकानदार बऱ्याचदा '२८बीवायजे-४८' ही निळी-चंदेरी मोटर पुढे करतो. ती वाईट नाही, स्वस्त आहे आणि कितीही गोल फिरते. पण तिला शून्य कुठंय ते कळत नाही, त्यासाठी वेगळा सेन्सर लावावा लागतो. शिवाय गिअरमध्ये ढिलाई असल्यानं काटा जाताना एक दाखवतो, येताना दुसरंच. पहिल्या कामाला नको. छोटा एसजी९० सर्व्हो तर नकोच नको. तो जेमतेम अर्धं वर्तुळ फिरतो आणि डासासारखा कुणकुणत राहतो.

आधी नुसती मोटर फिरवा

मोटरला चार पिना असतात आणि आत दोन गुंडाळ्या. मल्टिमीटर लावून जोड्या शोधा. ज्या दोन पिनांमध्ये साधारण २८० ओहम दिसतात ती एक गुंडाळी, उरलेल्या दोन पिनांची दुसरी. ५ व्होल्ट भागिले २८० म्हणजे जेमतेम १८ मिलिअँपिअर. एवढा भार आर्डुइनोची पिन सहज पेलते, म्हणून एक-दोन मोटरी मधल्या ड्रायव्हर चिपशिवाय थेट जोडता येतात. प्रत्येक पिनेवरून पाच व्होल्टकडे आणि ग्राउंडकडे एकेक छोटा डायोड (१एन४१४८) लावलात तर बोर्ड सुरक्षित राहतो. मी पहिल्या बोर्डावर लावले नव्हते, नंतर लावले.

तीनपेक्षा जास्त मोटरी एका बोर्डावर लावायच्या असतील तर व्हीआयडी६६०६ सारखी ड्रायव्हर चिप घ्या. एक चिप चार मोटरी सांभाळते, आणि प्रत्येक अंशाचे बारा तुकडे पाडते, त्यामुळं काटा लोण्यासारखा सरकतो.

आता आर्डुइनोच्या लायब्ररींत (तयार प्रोग्रामच्या तुकड्यांत) 'स्विटेक एक्स२५' शोधून टाका. ती एका अंशाच्या तीन पायऱ्या धरते, म्हणजे ३१५ अंशांच्या ९४५. तिच्यात तीनच गोष्टी कामाच्या: शून्यावर जा, अमुक पायरीवर जा, आणि 'अपडेट'. हा अपडेट मुख्य लूपमध्ये (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग) सतत, न थांबता बोलवत राहायचा असतो. मध्ये कुठंही 'डिले', म्हणजे थांबायची आज्ञा, टाकला की काटा आचके देतो.

सुरू करताना 'शून्यावर जा' सांगितलं की मोटर मागे मागे जाऊन त्या अडसराला टेकते आणि टर्रर्र असा आवाज करते. घाबरू नका, ती शून्य शोधतेय. नाशिकला उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा काटा ८० वर असेल तर ८० वरच थिजतो. वीज आल्यावर मोटरला आपण कुठं होतो हे आठवत नसतं, म्हणून दर वेळी सुरुवात या टर्ररनंच करायची.

काटा उलट्या दिशेनं फिरत असेल तर तारा उपटू नका, प्रोग्राममध्ये चार पिनांचा क्रम उलटा लिहा. आणि दांडी बोटानं फिरवायचा मोह आवरा. आतले गिअर प्लास्टिकचे आणि बारीक दात्यांचे असतात. जास्तीच्या दोन मोटरी याचसाठी मागवायला सांगितल्या.

तक्ता

इथं जरा थांबून वाचा, कारण गेजचा जीव इथं आहे.

खऱ्या एअरस्पीडची तबकडी नीट बघितलीत तर आकड्यांमधली अंतरं सारखी नाहीत असं दिसेल. खाली, शून्य ते ४० मधलं अंतर दाटीवाटीचं. मधल्या भागात ऐसपैस. वर गेल्यावर पुन्हा जवळ जवळ. यंत्राच्या पोटात हवेच्या दाबावर फुगणारी डबी असते, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. मग गिअर आणि कड्यांची रचना करून ते फुगणं वाचता येईल इतपत सरळ केलेलं असतं, पण पुरतं सरळ कधीच होत नाही.

मी काय केलं होतं? ० ते १८० नॉटला ३०० अंश, म्हणून प्रत्येक नॉटला सरळ १.६७ अंश. तबकडी मात्र खऱ्या विमानाच्या फोटोवरून काढली होती. चेहरा एकाचा, चाल दुसऱ्याची.

बरोबर पद्धत अशी. तुमच्या सिममध्ये त्या यंत्रासमोर कॅमेरा अगदी काटकोनात आणा आणि स्क्रीनशॉट घ्या. तिरका घेतलात तर वर्तुळाचं अंड होतं आणि सगळे कोन बिघडतात. तो फोटो इंकस्केपमध्ये उघडा (मोफत मिळतं), काट्याच्या मध्यापासून प्रत्येक आकड्याच्या रेघेपर्यंत रेघ ओढा आणि कोन वाचून लिहा. शून्याची रेघ म्हणजे शून्य अंश. माझ्या तबकडीचे असे आले:

० नॉट – ० अंश
४० – ३२
६० – ७२
८० – ११७
१०० – १६१
१२० – २०३
१४० – २४०
१६० – २७२
१८० – ३००

खरी तबकडी २०० पर्यंत जाते. मी १८० ला थांबवली, कारण मोटरची हद्द ३१५ अंशांची. लाल रेघच १६३ वर असताना त्यापुढची चैन हवी कशाला?

मधल्या वेगांसाठी दोन ओळींमध्ये सरळ वाटणी करायची. ९० नॉट म्हणजे ८० आणि १०० च्या बरोबर मध्ये, म्हणून कोनही ११७ आणि १६१ च्या मध्ये, १३९. काटा अडसरावर आदळत राहू नये म्हणून माझं शून्य अडसरापासून ३ अंश पुढे ठेवलंय. १३९ अधिक ३, गुणिले ३ पायऱ्या, म्हणजे ४२६. आर्डुइनोला एवढाच आकडा हवा असतो.

आता माझी जुनी चूक याच तक्त्यावर घालून बघा. खरा वेग ६० असताना सरळ हिशोबानं काटा १०० अंशांवर जायचा, आणि या तबकडीवर १०० अंश म्हणजे ७२ नॉट. फ्लॅपशिवाय विमान ४८ ला स्टॉल होतं, म्हणजे पंख विमान उचलून धरेनासे होतात. तेव्हा काटा ८० अंशांवर, म्हणजे वाचायला जवळजवळ ६४! मी हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून निवांत, आणि विमान नाक टाकतंय. दिवसभर लोकांचे गेज तपासणाऱ्या माणसाची ही गोष्ट, ऑफिसात अजून कुणाला सांगितलेली नाही.

तबकडी छापणं

विमानाच्या पॅनेलवरचं प्रमाण भोक ३⅛ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. लहान यंत्रांसाठी २¼ इंच. तबकडी भोकापेक्षा थोडी मोठी काढा, म्हणजे कड पॅनेलमागे लपते.

इंकस्केपमध्ये काळं वर्तुळ, त्यावर पांढऱ्या रेघा आणि आकडे. रेघा कोनांनुसार हातानं फिरवत बसू नका. उभी एक रेघ काढा, तिचा फिरण्याचा मध्य तबकडीच्या मध्यावर नेऊन ठेवा, आणि नक्कल करून तेवढे अंश फिरवा. आकडे जाड, साधे, बिनकानाकोपऱ्याचे घ्या; वळणदार फॉन्ट काचेमागे वाचता येत नाही. पट्टे पातळ ठेवा, आणि पांढरा पट्टा हिरव्याच्या आतल्या बाजूनं.

छापायला साधा कागद चालतो, पण मागून उजेड हवा असेल तर फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे जाऊन 'ट्रान्सलाईट' मागा. दुकानांच्या चमकत्या पाट्यांना वापरतात ती फिल्म. उजेड तिच्यातून सारखा पसरतो. एवढ्याशा तुकड्यासाठी तो तोंड वाकडं करेल, म्हणून एका ए-फोरवर सहा तबकड्या मांडून न्या.

एक खूण विसरू नका: पानाच्या कोपऱ्यात बरोबर ५० मिलिमीटरची रेघ काढून ठेवा. छपाईनंतर दुकानातच पट्टी लावून मोजा. माझी पहिली बॅच 'फिट टू पेज' लावून छापली गेली आणि प्रत्येक तबकडी तीन मिलिमीटरनं आखूड झाली. घरी येऊन भोकात धरली तर चारी बाजूंनी फट. दुकानदाराचा दोष म्हणवत नाही, मीच मोजायला सांगितलं नव्हतं.

काटा

काटा हलका हवा. किती हलका? एक ग्रॅमच्या आत. मी आधी पितळी पत्र्याचा काढला, फाईलनं घासून टोक केलं, दिसायलाही सुंदर झाला. मोटरला तो उचलेना. चढताना पायऱ्या सुटायच्या, आणि दहा मिनिटांत शून्य वीस अंश सरकलेलं असायचं.

पहिला नमुना लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कापा. खोटं वाटेल, पण त्याचा काटा चांगला चालतो, आणि नाशकात घरात लग्नपत्रिका नाही असं होत नाही. लांबी-रुंदी मनासारखी झाली की एक मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये लेझरनं कापून घ्या. दांडीच्या मागच्या बाजूला छोटी शेपटी ठेवा म्हणजे तोल राहतो. मधलं भोक दांडीपेक्षा केसभर लहान, दाबून बसेल असं. गोंद लावू नका, शून्य चुकलं तर काढता आलं पाहिजे. पांढरा रंग स्प्रेनं, दोन पातळ हात.

बसवायची वेळ ठरलेली आहे: बोर्ड चालू करा, टर्रर्र होऊ द्या, प्रोग्रामला ० नॉट दाखवायला सांगा, आणि मोटर थांबल्यावर काटा बरोबर शून्याच्या रेघेवर हलक्या हातानं दाबा. खालून मोटरला बोटाचा आधार द्या. वरून जोर दिलात तर दांडी आत जाते आणि मोटर गेली.

हिवाळ्यात एक गंमत होते. नाशिकची हवा डिसेंबर-जानेवारीत चांगलीच कोरडी असते. अॅक्रिलिकची काच कोरड्या फडक्यानं चोळून पुसली की तिच्यावर वीज साचते आणि ती हलक्या काट्याला ओढून धरते. भाची सुट्टीत राहायला आली होती, तिनं काच लख्ख पुसून दिली आणि म्हणाली, "मामा, विमान उभंय पण काटा ४० दाखवतोय." मी अर्धा तास प्रोग्राम तपासला. शेवटी तिनंच काचेवर ओला बोळा फिरवला, बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, आणि टर्ररनंतर काटा बरोबर शून्यावर. काच नेहमी ओलसर कापडानं पुसा.

सिमकडून आकडा आणणं

सिम, मधला सॉफ्टवेअर, यूएसबी, बोर्ड, मोटर अशी साखळी आहे. मधल्या जागी मोबिफ्लाइट बसवा. ते मोफत आहे, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन दोन्हींशी बोलतं. बोर्डावर ते स्वतःचं फर्मवेअर (बोर्डाच्या आतला प्रोग्राम) चढवतं, मग तुम्हाला प्रोग्रामची ओळसुद्धा लिहावी लागत नाही. त्यात स्टेपर मोटर जोडा, कुठला आकडा हवा ते निवडा, आणि 'इंटरपोलेशन' नावाच्या जागी आपला तक्ता भरा: डावीकडे नॉट, उजवीकडे पायऱ्या. दोन ओळींमधली वाटणी ते स्वतः करतं.

मग आधी स्विटेक लायब्ररीवर घाम कशाला गाळला? कारण काटा चुकला की चूक मोटरची, तक्त्याची की सिमची हे ओळखता यावं. मोटर एकटी नीट चालते हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की शोध निम्मा होतो.

फ्लाइटगिअर वापरणाऱ्यांचा मार्ग वेगळा. ते सिमही मोफत आहे, आणि आपल्याला हवे ते आकडे एका साध्या ओळीत बाहेर पाठवायची सोय त्यात मुळातच आहे. त्यासाठी एक छोटी एक्सएमएल फाईल लिहावी लागते आणि आर्डुइनोचा प्रोग्रामही स्वतः लिहावा लागतो. तिथं एक खड्डा आहे. सिरियलवरून, म्हणजे यूएसबीच्या तारेतून एकामागोमाग येणाऱ्या अक्षरांतून, आकडा वाचणारी तयार फंक्शनं, ओळ अर्धवट आली तर पूर्ण होण्याची एक सेकंद वाट बघत बसतात. तेवढ्यात अपडेट बंद, आणि काटा उचकी लागल्यासारखा चालतो. एकेक अक्षर आलं तसं गोळा करा आणि ओळ संपल्याची खूण आली की मगच आकडा वापरा.

आकडा निवडताना सिममध्ये वेगाचे चार-पाच प्रकार दिसतील. हवाय तो 'इंडिकेटेड', म्हणजे यंत्रावर दिसतो तो वेग. 'ट्रू' (हवेतला खरा वेग) किंवा 'ग्राउंड' (जमिनीच्या हिशोबानं वेग) नव्हे. ही चूक लवकर पकडली जात नाही, कारण ओझरला, आपल्या नाशिकच्या विमानतळावर, धावपट्टीच समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर आहे आणि तिथं ट्रू आणि इंडिकेटेडमध्ये तीन-चार टक्क्यांचाच फरक पडतो. टेकऑफ झकास होतो. आठ हजार फुटांवर गेलात की मात्र इंडिकेटेड १०० असताना ट्रू ११५ च्या आसपास असतो, आणि तुम्ही तक्त्यात नसलेली चूक शोधत बसता.

पॅनेल आणि उजेड

घरी होलसॉनं (ड्रिलला लावायची गोल करवत) भोक पाडता येतं, पण ८० मिलिमीटरचं पातं एमडीएफच्या कडा खाऊन टाकतं. सातपूर-अंबडला लेझर कटिंगवाले भरपूर आहेत. डीएक्सएफ फाईल (कापायच्या आकाराचा आराखडा) पेनड्राइव्हवर न्या, तीन मिलिमीटर एमडीएफ सांगा, आणि मोठ्या कामाच्या शेवटी उरलेल्या तुकड्यात आपलं कापून द्याल का विचारा. पुढे सहाही यंत्रं करायची असतील तर आत्ताच सहा भोकं पाडून घ्या. दोन भोकांच्या मध्यांत मी ९० मिलिमीटर ठेवतो. रिकाम्या भोकांमागे काळा कागद.

एलईडी तबकडीच्या थेट मागे लावली तर मध्ये पांढरा ठिपका पडतो. पट्टी डब्याच्या आतल्या कडेनं गोल लावा आणि आतून पांढरा रंग द्या. डबा म्हणून ८० मिलिमीटरच्या जवळपासचा प्लंबिंगचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. रविवार कारंजाच्या हार्डवेअरवाल्यानं मला वीतभर तुकडा फुकट दिला, "विमानाला पाइप कशाला?" असं विचारून. उजेडाला मोटरबरोबर बोर्डावरूनच वीज देऊ नका, वेगळा पाच व्होल्टचा चार्जर ठेवा, नाहीतर दिवा लागताच काटा दचकतो.

तपासणी: चढतं आणि उतरतं

हे मात्र आमच्या धंद्यातलं. गेज कधीही एकाच बाजूनं तपासत नाहीत. आधी ०, ४०, ६० असं १८० पर्यंत चढत जायचं, प्रत्येक ठिकाणी काटा काय दाखवतो ते लिहायचं. मग तसंच उतरत यायचं. मोबिफ्लाइटमध्ये चाचणीसाठी आकडा हातानं देता येतो, त्यासाठी विमान उडवावं लागत नाही.

वाचताना डोळा काट्याच्या समोर सरळ. बाजूनं वाचलंत तर दोन-तीन नॉट तिथंच जातात.

चढतं आणि उतरतं सारखं, पण दोन्ही चुकीचं असेल तर तक्ता दुरुस्त करा. चढताना एक आणि उतरताना दुसरं येत असेल तर काटा कुठंतरी घासतोय किंवा दांडीवर सैल आहे. तक्त्याला हात लावू नका. शून्यच सरकत असेल तर काटा जड आहे, पायऱ्या सुटतायत. या तिन्हींच्या पलीकडचा बिघाड मला अजून भेटलेला नाही.

मग खरी परीक्षा. सिममध्ये व्हीएओझेड हा विमानतळाचा कोड टाका, म्हणजे आपलं ओझर. १९६४ पासून तिथं एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. मिग-२१ तिथं बनली, पुढं सुखोई-३० एमकेआय. आम्ही लहानपणी गच्चीवरून आवाजावरनं विमान ओळखायचो. सेसना घेऊन उडा, गंगापूर धरणावर एक चक्कर मारा, स्क्रीनवरचं यंत्र आणि तुमचा काटा शेजारी शेजारी बघत राहा. फ्लॅप उघडून ६५ नॉटवर या. दोन्ही आकडे दोन नॉटच्या आत जुळले की काम झालं.

पुढचे काटे, थोडक्यात

चढ-उताराचा, म्हणजे व्हीएसआय, दुसरा घ्या. तीच मोटर, तोच तक्ता, फक्त शून्य डावीकडे मध्यावर आणि काटा दोन्हीकडे जातो. सुरू करताना तो खाली उणे २,००० पर्यंत आपटून वर येईल, ते तसंच असतं.

उंचीमापकाला एक्स२७.१६८ चालत नाही. लांब काटा दर १,००० फुटांना एक फेरी मारतो, अडसर मधे येतो. त्याला एक्स४० मालिकेतली एकात एक दोन दांड्यांची मोटर बघा. हवेच्या दाबाची खिडकी आणि तिचा नॉब विसरू नका. भारतात तो आकडा हेक्टोपास्कलमध्ये देतात, आणि एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट उंची बदलते. ओझरला उभं असताना दाब बरोबर लावला तर लांब काटा ९ वर आणि आखूड काटा २ च्या जरा अलीकडे दिसला पाहिजे.

कृत्रिम क्षितिज यांत्रिक करायच्या भानगडीत पडू नका. भोकामागे छोटा एलसीडी लावा आणि एअर मॅनेजरसारखा सॉफ्टवेअर वापरा. विकत घ्यावा लागतो, पण त्यात लुआ भाषेत स्वतःचं यंत्र लिहिता येतं. रशियन पद्धतीचं क्षितिज करायचं असेल तर लक्षात ठेवा, तिथं वळताना क्षितिज सरळ राहतं आणि विमानाची आकृती कलते, आपल्या सेसनाच्या बरोबर उलट. ओझरच्या गावात राहून मिगचं पॅनेल करावंसं वाटणारच, पण पहिलं हे पाठ करा.

डबा बंद करण्याआधी शेवटचं एक काम. चढत्या-उतरत्या रीडिंगचा तक्ता कागदावर स्वच्छ लिहा, खाली तारीख टाका, मोटर कुठल्या पिनांना जोडलीय ते लिहा, आणि तो कागद डब्याच्या आतल्या बाजूनं चिकटवा. वर्षभरानं काटा काढून परत बसवाल तेव्हा तो लागणार आहे.